फुटक्या बश्यांचा किल्ला

किल्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काळा कातळ येतो, हे मला ठाऊक आहे. तुटलेले कडे, दगडी बुरूज, खिळे ठोकलेला दरवाजा. माझ्यात यातलं काही नाही. मी मातीचा आहे. खंदक खणला, त्यातून निघालेली माती वर रचली, चोपली, तिच्यावर हिरवळीचे चौकोन बसवले, की झाला माझा तट. मुलं त्याच्यावरून गडगडत खाली येतात. एकदा एक बाई माझ्या बुरुजावर उभी राहून नवऱ्याला विचारत होती, "अरे, पण तो किल्ला कुठाय?"

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून हाच प्रश्न पडतो.

माझं नाव फोर्ट टॅलमन. गुलामीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या जिवावर उठले तेव्हा वॉशिंग्टन शहराच्या राखणीसाठी भोवताली जे किल्ले उभारले, त्यांतला मी एक, नदीच्या दक्षिणेकडच्या टेकाडावरचा. दारातल्या पाटीवर माझ्या नावाखाली लिहिलंय, '१८६१ ते १८६५'. येणारे-जाणारे ती वाचतात, माना डोलावतात आणि पुढे जातात. जणू चार वर्षं जगून मी मेलो. आज तोंड उघडलंय ते या पाटीपायी.

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, हे आधीच सांगतो. पाऊस पडला की माझ्यातलं वरचं खाली जातं आणि खालचं वर येतं. तारखा चुकतील. माणसं चुकणार नाहीत.

पहिल्याच मोठ्या लढाईत मार खाऊन उत्तरेचं सैन्य चिखल तुडवत राजधानीत परतलं, त्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. नदीपलीकडे राजधानीच्या मोठ्या इमारतीचा घुमट तेव्हा अर्धवट उभा होता. त्याचं आणि माझं बांधकाम बरोबरीनं चाललं होतं. मेन प्रांताचे लाकूडतोडे शिपाई होऊन आले होते. त्यांनी आठ दिवसांत टेकाडावरची ओक आणि चेस्टनटची झाडं आडवी केली, फांद्यांची टोकं तासली आणि शत्रू जिकडून येईल तिकडं तोंड करून रचून ठेवली. झाडं पाडण्यात ते वाघ, पण कुदळ हातात दिली की कुरकुर सुरू. "आम्ही लढायला आलोय, घुशींसारखी बिळं करायला नाही!"

मग खणणारे आले. दक्षिणेतल्या मळ्यांवरून पळून आलेले गुलाम. ओढे ओलांडत, तंबाखूच्या शेतांतून लपतछपत ते छावणीपर्यंत पोचायचे. त्यांच्यात एक एनॉस टोलिव्हर होता, सव्वीस वर्षांचा, रुंद तळहातांचा. त्याच्याबरोबर त्याची बायको झिल्फी. ती शिपायांचे कपडे धुवायची आणि मक्याची भाकरी भाजायची.

माझा पूर्वेचा तट एनॉसचा आहे. हिरवळीचा चौकोन बसवला की तो फावड्याच्या पाठीनं तीनदा थोपटायचा. दोनदा नाही, चारदा नाही. बांधकामावर देखरेख करायला बॉस्टनचा एक किडकिडीत लेफ्टनंट होता, व्हिटकोम नावाचा. सदा खोकायचा आणि सदा मापं घ्यायचा.

"एनॉस, उतार किती ठेवलास?"

"पाणी साचणार नाही आणि माती घसरणार नाही एवढा, साहेब."

"अंशांत सांग."

"ते तुमच्या त्या लाकडी त्रिकोणाला विचारा. मला तळपायाला कळतं."

लेफ्टनंटानं त्रिकोण लावला. उतार बरोबर निघाला. त्यानं चडफडत वहीत लिहून घेतलं आणि एनॉसनं दुसरीकडे तोंड करून हसून घेतलं.

माझ्यावर चाल झाली ती एकदाच, आणि ती सैन्यानं केली नाही. रानात डॉगवूडची झाडं पांढरी फुलली होती. माझ्या दारात एक घोडागाडी थांबली. चांदीच्या मुठीची काठी घेतलेला एक म्हातारा सद्गृहस्थ उतरला. त्याच्या हातात मालकीचा कागद होता.

"माझा माणूस तुमच्याकडे आहे. एनॉस. मी त्याला न्यायला आलोय."

पहारेकरी मेनचा लाकूडतोड्या होता. त्यानं तोंडातला तंबाखू या गालातून त्या गालात नेला. "माणसं पुष्कळ आहेत इथं, आजोबा. तुमचा म्हणावा असा एकही दिसत नाही."

म्हातारा चिडला. लेफ्टनंट खोकत बाहेर आला, त्यानं कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"एनॉस आहे इथं. पण तो आता सुटा राहिलेला नाही. तो पूर्वेचा तट दिसतोय? तो एनॉस आहे. न्यायचा असला तर तट उचला आणि न्या."

"तुम्ही चेष्टा करताय माझी?"

"मी मापं घेतो, साहेब. चेष्टा मला येत नाही."

एनॉस तटाआड फावडं धरून उभा होता. त्यानं तळपाय मातीत रोवले होते, ते मला अजून आठवतं. गाडी वळली, उतारावरून खाली गेली, तिचा आवाज विरला. आणि मग तीन थापा.

आपण किल्ला आहोत असं मला पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा.

बाकी पराक्रम म्हणाल तर सांगण्यासारखा नाही. छत्तीस तोफांसाठी जागा होत्या. त्यांतली एक तोफ एकदा उडाली, दाट धुक्यात, चाहूल लागली म्हणून. ती शेजारच्या शेतकऱ्याची गाय निघाली. नेम चुकला हे गायीचं नशीब. शत्रू खरोखर राजधानीवर आला तेव्हा तो वळसा घालून उत्तरेकडून आला, आणि नदीपलीकडचे माझे भाऊबंद लढले. मी तोफा ठासून दोन दिवस नुसता आवाज ऐकत उभा होतो. त्या दोन दिवसांची लाज मला पुढे फार वर्षं वाटत राहिली. तुम्ही म्हणाल, माझा काय दोष? तेच मीही स्वतःला सांगतो.

युद्ध संपलं. तोफा ओढून नेल्या, फळ्या उचकटून नेल्या, दरवाजासुद्धा नेला. शिपाई गाणी म्हणत घरी गेले.

"आपण कुठं जायचं?" झिल्फीनं विचारलं.

"कुठं म्हणजे?" एनॉस म्हणाला. "तीन वर्षं ही माती उचलली. आता जरा तिच्यावर टेकू दे की मला."

ते टेकले ते टेकलेच. जमीन पुढे एनॉसनं रीतसर आपल्या नावावर करून घेतली. शिपायांच्या बराकीच्या ओंडक्यांचं घर झालं. दारूकोठारात बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस राहू लागलं, खंदकात डुकरं, बुरुजावर कोबीसारख्या पानांची भाजी. आणखी घरं आली. एक चर्च झालं, एका खोलीची शाळा झाली. आसपासची माणसं त्यांना 'गडावरचे' म्हणू लागली. चार वर्षं माझ्यात तोफा होत्या. पुढे जवळजवळ शंभर वर्षं माझ्यात चुली होत्या. पाटीवर तोफा आहेत.

आता बश्यांचं सांगतो. माझी सारी गोष्ट त्यांच्यावर आहे.

एनॉसची तीन वर्षांची मुलगी तापानं गेली. तटाच्या पूर्वेला, खंदकाच्या कोपऱ्यापासून चाळीस पावलांवर, त्यांनी तिला पुरलं, पाय उगवतीकडे करून. वर एक लाकडी फळी रोवली. मग झिल्फीनं घरातून त्या पोरीची दुधाची बशी आणली, पालथी न घालता, उताणीच दगडावर ठेवली आणि खिळा धरून आतून तिचा तळ फोडला. ही त्यांच्यातली जुनी रीत. माणसानं शेवटचं वापरलेलं भांडं त्याच्यापाशी ठेवायचं, पण तळ फोडून. म्हणजे साखळी तुटते आणि गेलेल्यामागून लगेच दुसरं कुणी जात नाही. भोवती पांढरे शंख मांडायचे. जमिनीलगत पसरणारा, निळ्या फुलांचा सदा हिरवा वेल लावायचा.

अशी एकेक करत तिथे पुष्कळ माणसं निजली. एनॉस निजला, झिल्फी निजली. लाकडी फळ्या कुजून गेल्या. फुटके कप, बश्या, सुरया तेवढ्या उन्हात चमकत राहिल्या.

एनॉसची पणती अर्नेस्टाइन. सगळे तिला टीनी म्हणायचे. ती माझ्या पूर्वेच्या तटाच्या आडोशाला जन्मली, त्याच उतारावर रांगली. अठरा वर्षांची असताना तिची आई कोरा गेली. कप फोडण्याचा मान थोरल्या लेकीचा. टीनीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं खिळ्यावर दगड असा हाणला की तळ तर फुटलाच, कपाचा कानही उडून पडला.

"अगं, तळ फोडायचा, कान नव्हे!" तिची हॅटी आत्या ओरडली. "आता तुझी आई तिकडे कप धरणार कशी?"

रडता रडता सगळ्या बायका हसल्या. टीनीही हसली. पांढऱ्या कपाचा निळ्या रेघेचा तो कान तिनं मुठीत घेतला आणि घरी जाऊन बटणांच्या डब्यात ठेवला.

युद्धाला शंभर वर्षं होत आली तेव्हा शहराला माझी आठवण झाली. कायद्याचे कागद आले. एनॉसच्या नावावरची जमीन गेली. घरं, शाळा, चर्च, सगळं यंत्रानं तीन आठवड्यांत सपाट केलं. मला पुन्हा १८६४ सालासारखा करायचा होता. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? कदाचित गप्प बसलो असतो. मी मनाचा फार धीट आहे असं नाही.

टीनी तेव्हा एकोणतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. घर गेलं त्या दिवशीही ती रडली नाही. पण एके सकाळी ती आली तेव्हा मजूर पूर्वेच्या गवतातून कप-बश्या उचलून ट्रकमध्ये टाकत होते.

"अहो, काय करताय हे?" ती धावत गेली.

"उकिरडा उचलतोय, बाई," मुकादम म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं टोपी काढली होती.

"उकिरडा नाही हा. इथं माझी आई आहे."

मुकादमानं एक कप उचलून तिला तळाचं भोक दाखवलं. "हे बघा ना. एकूणएक फुटकं. एखादं तरी धड असतं तर मी बाजूला नसतं का ठेवलं?"

धड असतं तर ते कुणाचंच नसतं. तिनं सांगायचा प्रयत्न केला, पण ट्रकचा आवाज मोठा होता. तो दारातून बाहेर पडताना तिनं पाहिला. शहराच्या कचराकुंडीत गेलं सगळं, असं ती पन्नास वर्षं समजत राहिली.

ते खरं नव्हतं. ट्रक मला वळसा घालून मागच्या बाजूला आला. माझ्या वायव्य बुरुजाला माणसांच्या येण्याजाण्यानं मोठी खिंड पडली होती आणि भरायला माती कमी पडत होती. मुकादमानं सगळा ट्रक त्या खिंडीत रिकामा करवला, वर लाल माती ओतली, यंत्राचा रूळ फिरवला. एनॉसची बशी, झिल्फीची सुरई, कोराचा कानतुटका कप, सगळं माझ्या पोटात गेलं. हे ठाऊक असलेला मी एकटा, आणि मला तेव्हा तोंड नव्हतं.

त्यानंतरची पन्नास वर्षं छान गेली म्हणायची. माझी हिरवळ नेमानं कापली जायची, मला नकली तोफा लावल्या होत्या, लाकडी दरवाजा बसवला होता. टीनी दर रविवारी चर्चमधून परस्पर यायची. तरुण होती तोवर चालत, म्हातारी झाल्यावर भाचीच्या गाडीतून. भाची डेल्फीन शहराची बस चालवायची आणि बसच्या भोंग्यासारखं हसायची. घडीची खुर्ची मांडून टीनी त्या चाळीस पावलांवरच्या गवतात बसायची. यंत्रानं कितीही कापला तरी निळ्या फुलांचा वेल तिथे दर वसंतात वर यायचाच. यात माझा थोडा हात आहे. मी त्याची मुळं सोडली नाहीत.

आणि शनिवार-रविवारी यायचे ते त्या युद्धाची नक्कल करणारे हौशी शिपाई. लोकरी निळे कोट, पितळी बटणं, काडतुसांच्या पेटीत मोबाइल. त्यांचा म्होरक्या मिस्टर हॅलबर्ट, निवृत्त दंतवैद्य. भर जुलैत गळपट्टीपर्यंत बटणं लावून माझ्या वायव्य बुरुजावर उभा राहायचा आणि सलामी द्यायचा. त्याच्याबद्दल वाईट बोलणं मला जमत नाही. माझा उतार किती असावा हे ज्यांनी कधी मनावर घेतलं अशी माणसं तीनच. लेफ्टनंट, एनॉस आणि हा.

"मिस टोलिव्हर, आज उन्हात बसलात?" तो विचारायचा.

"आईच्या पायाशी बसलेय. तिला ऊन आवडायचं."

तो अवघडून टोपीला हात लावायचा आणि कवायतीला जायचा.

युद्धाला दीडशे वर्षं झाली तेव्हा मोठी लुटुपुटीची लढाई करायचं ठरलं. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. माझ्या व्यवस्थेसाठी एक समिती आहे, हॅलबर्ट तिचा अध्यक्ष. समितीनं पूर्वेचं गवत नक्की केलं. खडी आणि वर डांबर. जागा बघायला सगळे आले, तेव्हा टीनी खुर्ची मांडून आधीच तिथे बसलेली होती. ऐंशी पार केलेली, डोक्यावर चर्चची जांभळी टोपी.

"इथं माणसं पुरलीत," ती म्हणाली.

"मिस टोलिव्हर, मी सगळी दप्तरं चाळली," हॅलबर्ट म्हणाला. "नोंद कुठेच नाही. एकही शिळा नाही."

"शिळा नव्हत्याच. लाकडं होती, ती कुजली. बश्या होत्या, त्या तुम्ही लोकांनी नेल्या."

"मी नाही हो! तेव्हा मी सहा वर्षांचा होतो."

"मग आता तरी सहा वर्षांच्या पोरासारखं बोलू नका."

डेल्फीन फुसकन हसली. टीनीनं पर्समधून रुमाल काढला, उलगडला आणि निळ्या रेघेचा कान त्याच्यापुढे धरला.

"हा माझ्या आईच्या कपाचा. कप तिच्यावर होता."

हॅलबर्टनं तो कान चष्मा सावरून पाहिला. दंतवैद्याच्या बोटांनी, जपून. "मला तुमचं दुःख कळतं. पण कपाच्या कानावरून थडगं कसं सिद्ध करायचं? सोमवारी यंत्रं येतायत. मी काय करू?"

"काही करू नका," टीनी म्हणाली. "तेच तर सांगतेय केव्हाची."

ते गेले. ती बसून राहिली. मग एवढंच म्हणाली, "डेल्फीन, मी गेल्यावर हे सांगायलासुद्धा कुणी उरणार नाही गं." डेल्फीन हसली नाही.

त्या आठवड्यात समुद्रावरून वादळ आलं. तीन दिवस पाऊस थांबला नाही. यंत्रं यायची राहिली, पण पुढच्या सोमवारी ती येणारच होती.

आता पुढचं कसं सांगू? खरं-खोटं तुम्हीच ठरवा. जन्मल्यापासून मी एकच काम शिकलो होतो, न पडण्याचं. शत्रूवर तोफ उडवली नाही, शत्रू पाहिलाही नाही, पण पडलोही नाही. तेवढीच माझी अब्रू. तिसऱ्या सकाळी वायव्य बुरुजात पाणी साचलं. तो भाग माझा नव्हताच मुळी, यंत्रानं दडपलेला होता. त्याच्यावर कुणी तीनदा थोपटलं नव्हतं. तरी मी रेटून धरू शकलो असतो. पन्नास वर्षं धरलंच होतं. मला त्या बाईनं पुढे धरलेला कपाचा कान आठवला, चाळीस पावलं आठवली, आणि तोफा ठासून नुसते ऐकत उभे राहिलेले ते दोन दिवस आठवले.

मी सोडलं. बुरुजाचं अख्खं तोंड एका दमात खंदकात उतरलं.

पाऊस उघडल्यावर पहिला धावत आला तो हॅलबर्ट. साध्या कपड्यांत, हातात ताडपत्री. माझी दशा पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला घसरलेल्या लाल मातीत पांढरं काही चमकताना दिसलं. तो गुडघ्यांवर बसला, एक एक तुकडा उचलून बादलीत टाकू लागला आणि संतापला. टीनी आणि डेल्फीन गाडीतून उतरत होत्या. त्यांना पाहून तो ओरडला, "बघा! त्या वेळच्या कंत्राटदारानं काय भरलंय बघा! माझ्या बुरुजात उकिरडा भरलाय!"

"थांबा," टीनी म्हणाली. "हा शब्द मी एकदा ऐकलाय."

डेल्फीनचा दंड धरून ती खंदकात उतरली. बादलीत वाकून पाहिलं. बशी, तिच्या तळाला भोक. वाटी, तळाला भोक. सुरईचा बुंधा, भोक. मग तिनं मातीतून स्वतः एक कप काढला. पांढरा, निळ्या काठाचा. तळ फुटलेला आणि कान नाही. तिनं तो चिखल ड्रेसलाच पुसला. पर्समधला रुमाल सोडला.

कान बसला. जिथला तिथे, केसाचीही फट न ठेवता.

हॅलबर्टनं बादली हळूच खाली ठेवली, जणू तिच्यात अंडी होती.

"साठ वर्षं बटणांच्या डब्यात!" डेल्फीनच्या तोंडून निघालं. "आत्या, तो डबा मी परवा फेकून देणार होते."

"म्हणून तर तुला कपाटाची किल्ली देत नाही मी."

"मिस टोलिव्हर," हॅलबर्ट खालच्या आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं मी याच बुरुजावर उभा राहून सलामी देतोय."

"ती वाया नाही गेली हो," टीनी म्हणाली. "फक्त कुणाला देताय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं."

यंत्रं थांबवली ती त्यानंच. उत्खनन करणाऱ्या सोबेलबाईंना बोलावून आणलं तेही त्यानंच. बाईंनी एकेक भांडं उलटं करून बघितलं. सगळी भोकं आतून मारलेली, कपच्या बाहेरच्या बाजूला उडालेल्या. एकूणएक. "आपोआप फुटलेली भांडी अशी फुटत नाहीत," बाई म्हणाल्या. मग टीनीनं काठीनं दाखवलेल्या जागी, निळ्या वेलाच्या कडेनं, त्यांनी वरची वीतभर माती हलक्या हातानं काढली. पिवळ्या मातीत काळसर लांबट आकार दिसू लागले, ओळीनं, सगळ्यांचे पाय उगवतीकडे. सत्तावीस. त्याखाली कुणी खणलं नाही. टीनीनं खणू दिलं नाही. गाड्या उभ्या करायला खालचं शाळेचं मैदान मिळालं.

मी का पडलो, याचंही सोबेलबाईंनी टिपण केलंय. मुसळधार पाऊस, निचरा तुंबलेला, भराव कच्चा. असेलही. बाई शिकलेल्या आहेत, मी वाद घालत नाही.

आता माझी दुरुस्ती व्हायची आहे. परवा हॅलबर्ट नकाशांची गुंडाळी घेऊन टीनीकडे आला. आजकाल काहीही ठरवण्याआधी तो तिच्याकडे येतो.

"बुरूज पुन्हा १८६४ सालासारखा करायचा का? का १९६१सारखा? तुमचं मत काय?"

"तुम्ही दंतवैद्य ना? म्हातारीचा दात पडला तर तिला बारा वर्षांची करून देत होता का?"

तो मोठ्यानं हसला आणि नकाशा गुंडाळला. अजून काही ठरलेलं नाही.

त्या दिवशी टीनीनं आईचा कप परत जागेवर ठेवला. कान चिकटवूया, असं डेल्फीन म्हणाली. "नको. तो माझ्याकडे राहू दे," टीनी म्हणाली. "आणि माझ्या वेळी नीट ऐक. तळ फोडायचा, कान नव्हे." सोबेलबाईंनी काढून ठेवलेला हिरवळीचा चौकोन तिनं कपाशेजारी बसवला. गुडघे दुखत होते तरी वाकली आणि तळहातानं थोपटलं. एनॉस तिच्या जन्माच्या कितीतरी आधी गेला होता. तिला हे कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही. मी मोजलं. तीनदा.

गवत कापणारा माणूस आता तिथवर आला की यंत्र बंद करतो, हातानं ढकलत वळसा घालतो आणि पलीकडे गेल्यावर सुरू करतो.

तेव्हा आता माझंही ऐका. ते भगदाड बुजवू नका. माझ्या अंगावर जे जे घडलं त्यातलं तेवढंच मी स्वतः केलेलं आहे. पावसानं ते रुंदावू नये म्हणून हवी तर दगडांची ओळ लावा, पण उघडं राहू द्या. आणि दारातली ती पाटी बदला. पहिलं साल असू द्या. दुसरं खोडा, आणि तिथे दुसरं कुठलंही लिहू नका. माझ्या पूर्वेला सत्तावीस माणसं आहेत आणि त्यांची राखण माझ्याकडे आहे. राजधानी तुमची तुम्ही सांभाळा, तिला आता माझी गरज नाही. पण या चाळीस पावलांवर पुन्हा कुणी कागद घेऊन आला, तर त्याला सांगा, तट उचला आणि न्या.

मी मातीचा आहे, मान्य. तोफ उडवली ती गायीवर, तेही मान्य. पण दीडशे वर्षांत मी एकदाच पडलो, आणि तेही माझ्या मर्जीनं.